मला पाय लावा!

मित्रांनो, मी एक जुना फुटबॉल आहे, उद्या खंडेनवमी आहे, आणि आज सकाळपासून माझ्या पोटात गोळा उठला आहे. पोटात हवेशिवाय काही नसताना गोळा कसा उठतो, ते मला विचारू नका. उद्या घरोघरी कोयते, विळे, नांगर, मोटारी धुऊनपुसून मांडतील आणि त्यांना हळदकुंकू वाहतील. मागच्या वर्षी याच दिवशी माझ्यावर जी वेळ आली, ती पुन्हा येते की काय या धास्तीने मला गप्प बसवत नाही. म्हणून माझं रडगाणं आजच ऐकून घ्या.

मी मुळशी तालुक्यात रिहे गावी राहतो. माझा मालक विश्राम. तो हिंजवडीतल्या कंपन्यांची कॅब चालवतो. गोष्ट माझी असली तरी जीव टांगणीला लागला होता तो त्याचा. आणि माझ्या हातात, म्हणजे मला हात नाहीतच, पण म्हणायची पद्धत, काहीच नव्हतं. असा चरफडत मी अडीच महिने काढले आहेत!

माझा जन्म पंजाबातल्या जालंधरचा. काळे-पांढरे तुकडे सुईदोऱ्याने जोडून एका बाईंनी मला शिवलं. शेवटची गाठ आत दडवून, हवा भरून त्यांनी मला जमिनीवर आपटून पाहिलं. मग हातात दुसरा चेंडू होता म्हणून मला पायानेच ढिगाकडे ढकललं. ती माझ्या आयुष्यातली पहिली लाथ. तिने मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! आपण कशासाठी जन्मलो ते मला तिथेच कळलं. जगात सगळ्यांना पाय लागला की राग येतो. मला पाय लागला नाही की येतो.

आणि राग यायला मला पहिल्याच घरी सुरुवात झाली. पुण्याच्या दुकानातून मला अभयने विकत घेतलं. अभय भूगावच्या एका उंच सोसायटीत राहायचा आणि हिंजवडीत कॉम्प्युटरपुढे बसायचा. वय जेमतेम तिशीचं, पण लिफ्ट बंद पडली की दुसऱ्या मजल्यावरच स्वारीला धाप लागायची. त्याने माझ्याबरोबर खेळायचे बूट घेतले, घाम टिपणारा टी-शर्ट घेतला, पावलं मोजणारं घड्याळ घेतलं. घरी आल्यावर मला काखेत धरून फोटो काढला आणि मित्रांना पाठवला. सगळ्यांनी अंगठे पाठवले. पुढे खेळायची वेळ आली तेव्हा त्याच सगळ्यांनी अंगठा दाखवला.

“यार, आज क्लायंटचा कॉल आहे. नेक्स्ट संडे पक्का!” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मला ते पाठ झालं. तो पक्का रविवार काही उगवला नाही. अभय सोफ्यावर पडून मोबाइलवर दुसऱ्यांचे सामने बघायचा आणि मी त्याच्या उशाशी नुसता लोळायचो. एकदा संध्याकाळी ऑफिसमधले सगळे मैदानावर जमणार असं ठरलं, म्हणून त्याने मला कॅबमधून नेलं. वाटेतच बेत मोडला. अभय फोनवर बोलत बोलत उतरून गेला आणि मी सीटखाली राहिलो.

ती कॅब विश्रामची. चाळिशी ओलांडलेला गडी. पहाटे गाडीत बसायचा तो रात्री उतरायचा. मधल्या वेळात कंपनीच्या पार्किंगमध्ये गोड चहा, वडापाव आणि सीट मागे पाडून डुलकी. पोट स्टिअरिंगला टेकायला लागलं होतं. गावातल्या आरोग्य उपकेंद्रात गौतमीताई नावाच्या आरोग्यसेविका आहेत. त्यांनी बोटातून रक्ताचा थेंब काढून सांगितलं होतं, “विश्रामदादा, साखर वाढलीय आणि ब्लडप्रेशरही. गोळ्या देते, पण अंग हलवल्याशिवाय जमायचं नाही. रोज चालायला जा.”

“जातो की. पण जायचं कुटं?” विश्रामने विचारलं होतं. त्याचा प्रश्न खरा होता. काही काम नसताना नुसतं चालायचं आणि परत यायचं, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

गाडी झाडताना त्याचा पाय मला लागला. त्याने काय करावं? वाकून बोटं मला टेकवली आणि ती स्वतःच्या छातीला लावली! पाय लागला म्हणून नमस्कार! अहो, मी फुटबॉल! तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी तो मला परत द्यायला गेला, तर अभय म्हणाला, “काका, तुम्हीच ठेवा. मला वेळ कुठे मिळतो?” आणि घड्याळाकडे बघत आत गेला. असा मी रिह्याला आलो.

भात काढून झालं होतं. विश्रामचं खाचर, म्हणजे भाताचं बांध घातलेलं शेत, मोकळं पडलं होतं. एका संध्याकाळी त्याने मला धसकटांत ठेवलं, इकडेतिकडे कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि दिली एक ठेवून. मी वेडावाकडा उडालो आणि बांधापलीकडे दामूच्या खाचरात जाऊन पडलो. विश्राम जागीच थिजला.

कारण त्या बांधावरूनच त्याचं आणि दामूचं भांडण होतं. तू कोरलास, मी कोरला, असं करता करता बोलणं बंद झालं होतं. एकमेकांच्या लग्नकार्यालासुद्धा जात नसत. दामू पलीकडे गवत कापत उभा होता. त्याने मला पाहिलं, विश्रामला पाहिलं आणि एक शब्द न बोलता मला लाथाडलं. मी परत अलीकडे आलो. विश्रामने मला पुन्हा मारलं, दामूने पुन्हा परतवलं. दोघेही भिंतीसारखे गप्प आणि मधे मी एकटा धावतोय. असं किती तरी संध्याकाळी चाललं. वाटायचं, अरे, काहीतरी बोला की रे मेल्यांनो!

एक दिवस माझ्यामागे धावताना दामू बांध ओलांडून अलीकडे आला आणि दोघांचे पाय एकमेकांत अडकले. विश्रामच्या नडगीला दामूचा पाय जोरात लागला. झालं! जन्माची सवय. दामू वाकला, त्याने विश्रामच्या पायाला हात लावला आणि छातीला नेला. विश्रामनेही तेच केलं. वाकलेले दोघे वर आले तेव्हा समोरासमोर नाकाला नाक. आता ज्याला नुकताच नमस्कार केला त्याच्याशी अबोला धरायचा तरी कसा?

“लई लागलं का रं?” दामूने विचारलं.

“न्हाई. तू हिकडं दे चेंडू,” विश्राम म्हणाला.

इतक्या वर्षांनंतर फुटलेले ते शब्द होते. माझ्यामुळे फुटले, पण माझे आभार कुणी मानले नाहीत. असो.

पुढे गावातले आणखी काही बाप्ये यायला लागले. सगळे पस्तिशी-चाळिशीचे. कुणाचे गुडघे बोलायचे, कुणाची कंबर. बूट कुणालाच नव्हते. बांधापलीकडे गेलो की आऊट, आणि दोन बाजूंना दोन-दोन चपला म्हणजे गोल. पावसाळ्यात खाचरात भात लागलं तेव्हा मंडळी शाळेमागच्या माळावर चिखलात खेळली. कोण जिंकलं याची कुणाला फिकीर नसायची. फक्त एका गोष्टीने मला वैताग आणला. पायाला पाय लागला की ज्यांचे लागले ते दोघे थांबून एकमेकांना नमस्कार करणार आणि तेवढ्यात मी आपला घरंगळत गोलात जाणार! मग तो गोल धरायचा की नाही यावर अंधार पडेपर्यंत वाद.

पण मित्रांनो, वैतागलो तरी माझे डोळे उघडे होते. विश्राम बदलत होता. सुरुवातीला चार पावलं पळाला की दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून कुत्र्यासारखा धापा टाकायचा. हळूहळू तो या बांधापासून त्या बांधापर्यंत पळायला लागला. पूर्वी अंथरुणावर तासन्‌तास कुशी बदलायचा, तो पाठ टेकताच घोरायला लागला. गाडी चालवून धरलेली कंबर सुटली. घरी आला की बायकोवर खेकसायचा, ते थांबलं. दिवसभर ट्रॅफिकने डोक्यात भरलेला राग तो संध्याकाळी माझ्यावर काढायचा आणि मोकळा व्हायचा. मी खुशाल काढू द्यायचो. गौतमीताईंनी घरी येऊन तपासलं आणि त्या हसल्या. “दादा, हे कशानं झालं सांगू? तुम्ही पळता, थांबता, परत पळता. हृदयाला असाच व्यायाम लागतो. शिवाय चालायला एकटं जायचं तर माणूस आठ दिवसांत कंटाळतो. तुम्हाला हे सगळे हाका मारतात, म्हणून तुमचं टिकलं. खेळ सोडू नका.”

हे सगळं दारात उभ्या असलेल्या इंदूबाईने ऐकलं. इंदूबाई म्हणजे विश्रामची बायको. बाई मनाने सोन्यासारखी, पण तिच्या त्या चांगुलपणानेच माझा घात केला.

खंडेनवमी आली. विश्रामने गाडी धुतली, तिला झेंडूची माळ घातली. इंदूबाईने अंगणात कोयता, विळा, कुदळ मांडली. मग मला आणून घासून आंघोळ घातली आणि त्यांच्या शेजारी ठेवलं. “ह्या चेंडवानं माझं कुकू राखलं,” असं म्हणत डोळ्यांत पाणी आणून तिने मला कुंकू लावलं, ओवाळलं. मीही भारावलो, खोटं कशाला बोलू? एक दिवसाचं कौतुक कुणाला नको असतं? पण संध्याकाळी बाकीची अवजारं आपापल्या जागी गेली आणि मला मात्र तिने देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर नेऊन ठेवलं. घरंगळू नये म्हणून खाली फडक्याची चुंबळ. आता बोला!

दसऱ्याला सकाळी विश्राम मला घ्यायला आला. हात पुढे करतो तोच इंदूबाई कडाडली, “अवो, पुजलेला हाय त्यो! त्याला पाय लावणार व्हय?”

विश्रामचा हात मागे गेला. त्याने मला हात जोडले आणि तो निघून गेला. मी फळीवरून ओरडत होतो, अरे, लाव की पाय! त्याच्यासाठीच तर मी आहे! पण चुंबळीवर बसलेल्या देवाचं कोण ऐकतो?

दामूने बाजारातून एक प्लास्टिकचा चेंडू आणला. तो पहिल्याच दिवशी माळावरच्या बोराटीच्या काट्यांत जाऊन फुटला. मग भातकापणी आली, झोडणी आली, आणि जो तो आपापल्या कामाला लागला. कामं उरकली, खाचर मोकळं झालं, तरी कुणी पुढाकार घेईना. संध्याकाळी दामू अंगणात यायचा, फळीकडे बघायचा, मान हलवायचा आणि जायचा. मी उदबत्तीच्या धुराने काळवंडत होतो. रोज नवं कुंकू, बुक्का, वर फूल. माझी हवा जात चालली होती आणि मी एका बाजूने बसका झालो होतो.

त्याहून वाईट म्हणजे समोर विश्राम बसका होत होता. त्याचं पोट परत आलं, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. जेवताना चिडायचा, झोपेत तळमळायचा. ओटा चढला तरी भिंतीला हात टेकायचा. मला सगळं दिसत होतं आणि मला जागचं हलता येत नव्हतं. एका संध्याकाळी तो घरी लवकर आला आणि देव्हाऱ्यासमोर, म्हणजे माझ्यासमोरच, मांडी घालून बसला.

“देवा,” तो हळूच म्हणाला, “आज घोटावड्याच्या वळणावर डोळ्यापुढं अंधारी आली. गाडीत चार पोरी होत्या. कशीबशी गाडी कडंला घेतली. सांभाळ रं बाबा.”

त्याने माझ्यासमोर डोकं टेकलं. माझा असा संताप झाला म्हणता! अरे, मला हात काय जोडतोस? पाय उचल, पाय! तुला बरं करायची माझी एकच रीत आहे आणि तीच तुम्ही बंद करून बसलाय. मला फोडलं असतं, हरवलं असतं, तरी मी समजलो असतो. पण माझ्यावर माया करून, माझ्याच डोळ्यांसमोर माझा माणूस खचू द्यायचा, ही कसली भक्ती?

दुसऱ्या दिवशी गौतमीताई घरी आल्या. रक्त तपासताच त्यांचा चेहरा उतरला. “साखर पहिल्यापेक्षा जास्त झालीय. पौडला डॉक्टरांना दाखवा, उद्याच. दादा, खेळ बंद केलात का?”

विश्रामने फळीकडे बोट दाखवलं. गौतमीताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि जवळ येऊन मला बोटाने दाबून बघितलं. मग त्या म्हणाल्या, “वहिनी, तुमच्या पूजेत मी कशाला पडू? पण त्याची हवा गेलीय बघा. आत जीवच राहिला नाही त्याच्या.”

ते इंदूबाईच्या मनाला लागलं. देव असा मऊ पडलेला बरा नव्हे, म्हणून पौडला जाताना तिने मलाही बरोबर घेतलं. पुढच्या सीटवर ती आणि तिच्या मांडीवर मी. डॉक्टरांनी नवी गोळी लिहून दिली आणि वर म्हणाले, “मध्यंतरी सगळं इतकं छान आटोक्यात होतं, तेव्हा जे करत होता ते परत सुरू करा.” नाक्यावरच्या पंक्चरवाल्या मामांनी माझ्यात हवा भरली. किती दिवसांनी अंग ताठ झालं! मामांनी मला रस्त्यावर आपटून पाहिलं, तर इंदूबाईने झटकन उचलून पदराने पुसलं.

परत येताना रस्त्यात एकदम म्हैस आडवी आली. विश्रामने कचकन ब्रेक दाबला. मी मांडीवरून खाली पडलो, थेट त्याच्या पायांपाशी. इंदूबाई मला उचलायला वाकली आणि तशीच थांबली. ती त्याच्या पायाकडे बघत होती. ब्रेकवर दाबून धरलेल्या पायाकडे. मग तिने मान वर करून काचेतून पुढे पाहिलं. बोनेटच्या जाळीला खंडेनवमीची झेंडूची माळ वाळून कोळ झाली तरी तशीच लटकत होती.

“अवो,” ती म्हणाली, “ही गाडी आपन पुजलीया न्हवं?”

“पुजलीया की. तूच ववाळलीस.”

“मग हिच्या ब्रेकावर पाय कसा देता?”

“येडी का काय तू? पाय न्हाई दिला तर मरू की दोघं!”

म्हैस निघून गेली. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली. इंदूबाईने मला उचलून पोटाशी धरलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

“मग ह्याला पाय न्हाई दिला तर काय व्हतंय,” ती म्हणाली, “ते मी अडीच म्हैनं बगतीया.”

विश्रामने गाडी पुढे काढली. खाचराजवळ आल्यावर तिने गाडी थांबवायला लावली. खाली उतरली, चपला काढल्या, मला धसकटांत ठेवलं, वाकून मला हात लावला आणि छातीला नेला. “माफ कर रं देवा,” म्हणाली. मग लुगड्याचा काठ वर धरला आणि जन्मात कधी चेंडू न मारलेल्या त्या बाईने मला अशी काही लाथ हाणली की तिचाच अंगठा मुरगळला.

मी हवेत होतो, मित्रांनो! कुंकू उडालं, बुक्का उडाला, सगळं सोवळं वाऱ्यावर गेलं. मी वाकडातिकडा बांधापलीकडे गेलो. तिथे पेंढा रचत असलेल्या दामूने मला पाहिलं, हातातला पेंढा तसाच टाकला आणि मला परत लाथाडलं.

“हिकडं दे!” विश्राम ओरडला आणि धावला. चार पावलांत धाप लागली, दोन्ही हात गुडघ्यांवर गेले. पण तो हसत होता.

त्यानंतर पुन्हा सगळं पहिल्यापासून. साखर खाली यायला पावसाळा उजाडला. आता इंदूबाईही खेळते. पदर खोचून चपलांच्या मध्ये उभी राहते आणि मला अडवते. तिला बघून आणखी चारदोन बायका यायला लागल्या आहेत. त्यांचेही गुडघे बोलतात, त्याही धापा टाकतात, आणि हसतात तर इतक्या मोठ्याने की माळापलीकडे ऐकू जातं.

आणि उद्या खंडेनवमी. इंदूबाई दुपारीच सांगून गेली आहे, “आंगूळ घालीन, कुकू लावीन, पण फळीवर न्हाई बसवायची. पूजा झाली की पैली लाथ माजी.” ती शब्दाची पक्की आहे. तरी माझा जीव धडधडतो. माणसाची माया कधी उतू जाईल त्याचा काय नेम?

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्या घरी कपाटावर, पलंगाखाली, गाडीच्या डिकीत माझा एखादा भाऊबंद धूळ खात असेल. तो नवा असेल, महागाचा असेल, कुणाच्या आठवणीचा असेल. त्याला पुसून पुन्हा जागेवर ठेवू नका. आईला उठवा, बाबांना उठवा, अबोला धरलेल्या शेजाऱ्याला हाक मारा आणि त्याला घेऊन मोकळ्यावर जा. माझा मान ठेवायचा असेल तर एवढं करा. माझ्या पाया पडू नका. मला पाय लावा!